खो दिल्याशिवाय

परवा एक तरुण मुलगा माझ्याकडे आला होता. तिशीचाही नसेल. लोअर परळला एका जुन्या गाळ्यात त्याने ऑफिसांना जेवणाचे डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला आहे. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की दादरला एक म्हातारी राहते, बँकेत लघुउद्योगांच्या खात्यात जन्म काढून निवृत्त झाली आहे, नव्या धंदेवाल्यांना फुकट सल्ला देते आणि वर चहाही पाजते. चहा मी पाजला. सल्ल्याची पाळीच येईना, कारण स्वारी बोलायची थांबेना. स्वयंपाकघर कसं आखलं, माणसं कशी निवडली, कुणाचं काम कुठे संपतं आणि कुणाचं सुरू होतं, सगळं पाठ. मला पोरगा आवडला होता, खोटं कशाला बोलू. मग खुर्चीत मागे रेलून तो म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे शिस्त एकदम कडक. मला विचारल्याशिवाय पान हलत नाही."

"आणि कुणी विचारायच्या आधीच काही केलं तर?" मी विचारलं.

"पहिल्या वेळी समज देतो. दुसऱ्या वेळी दिवसभर नुसतं बसवून ठेवतो, सगळ्यांच्या समोर. तिसऱ्यांदा कुणी करत नाही."

माझ्या हातातली बशी कलली आणि चहा साडीवर सांडला. त्याने धावत जाऊन पाणी आणलं. वयाचा दोष समजला असेल. वयाचा नव्हता. तिसऱ्यांदा कुणी करत नाही, हे या मुलाच्या बापाचाही जन्म झाला नव्हता तेव्हापासून मला ठाऊक आहे. हे प्रकरण लिहायचं मी फार वर्षं टाळलं. त्या दिवशी साडी धुवायला टाकली आणि लिहायला बसले.

आम्ही परळला, भोईवाड्यात राहायचो. चाळीच्या तळमजल्यावर टोकाच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड कमी आणि आईची खानावळ जास्त. कोकणातून एकटे आलेले गिरणीतले बाप्ये तिच्याकडे जेवायचे. पाळ्यांप्रमाणे पंगती उठायच्या. पहाटे भोंग्याच्या आधी पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज सुरू व्हायचा, तो माझा गजर. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोमवारी-गुरुवारी कुळथाची पिठी, आणि तव्यावर एकामागून एक पडणाऱ्या तांदळाच्या भाकऱ्या. आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना मसाल्याचा वास यायचा. शाळेत मुली त्यावरून चिडवायच्या आणि डबा उघडला की त्याच पहिल्यांदा हात घालायच्या. बाबा गिरणीत साळखात्यात होते. मागांच्या खडखडाटात राहून त्यांचे कान जड झाले होते, त्यामुळे घरात सगळे ओरडून बोलायचे आणि बाहेरच्यांना वाटायचं, आमच्याकडे सदान्‌कदा भांडण चाललेलं असतं.

आईच्या हाताखाली दोन बायका होत्या आणि तिसरी मी. एकदा मी भाकरीकडे उभी होते, आई मागच्या दाराशी मासे कापत होती. मी ओरडून विचारलं, "आई, परतू काय गो?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तोवर भाकरीला काळा डाग पडला. आई कोयता टाकून आत आली आणि म्हणाली, "माका काय इचारतंस? तव्याकडे तू उभी. करपली तर वास आधी तुका येतलो, माका न्हय. चुलीकडे जो उभो, तेनाच भाकरी परतूची." मला राग आला. मॅट्रिक झालेल्या मुलीला चौथीपण न शिकलेल्या बाईने शहाणपण शिकवावं, असं तेव्हा मनात आलं, हे आज लिहिताना लाज वाटते. पण आलं होतं. आईच्या त्या एका वाक्यात पुढे बँकेत मला ज्या जाड पुस्तकांतून शिकवलं गेलं ते सगळं होतं. मी मात्र ते भाकरीपुरतं ऐकलं आणि सोडून दिलं.

मॅट्रिकनंतर पुढे शिकवायची बाबांची ऐपत नव्हती आणि नोकरी अजून लागली नव्हती. शाळेत असताना मी खो-खोत नाव काढलं होतं, म्हणून चाळीच्या मंडळाने मुलींचा संघ काढायचं ठरवलं तेव्हा शिकवायला मलाच बोलावलं. मी अठरा वर्षांची होते. हाताखाली नऊ ते बारा वर्षांच्या पोरी, गळ्यात पितळी शिट्टी, आणि डोक्यात हवा. चाळीच्या मागे मोकळी जागा होती. तिच्या एका लांब बाजूला आमची चाळ, समोरच्या बाजूला गिरणीच्या कंपाउंडची भिंत, आणि त्या भिंतीला एका टोकाशी खिंड पाडल्यासारखी एक गल्ली, जी सरळ नाक्यावर निघायची. मी दोन खुंट रोवले, चुन्याने आठ चौकोन आखले आणि आमचं मैदान तयार झालं.

खो-खो न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. आठजणी दोन खुंटांच्या मधल्या ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर पुढचीचं तिकडे. नववी पळणाऱ्या मुलीचा पाठलाग करते. तिला ओळ ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे सटकली की हिने बसलेल्या एकीच्या पाठीवर हात मारून "खो" म्हणायचं, तिने उठून धावायचं आणि हिने तिच्या जागी बसायचं. पोरींना पहिल्या आठवड्यात वाटतं की आपणच पळत राहावं, आपणच पकडावं. त्यांना मी पहिलं शिकवलं ते खो लवकर द्यायला. दम लागायच्या आधी दे, हातातून निसटायच्या आधी दे. हे माझं शिकवणं खरोखर चांगलं होतं आणि आजही मी नव्या धंदेवाल्यांना तेच सांगते: एकट्याने पळू नका, जिथे तुमच्यापेक्षा दुसरा जवळ आहे तिथे त्याला खो द्या. ते माना डोलावतात. पण खो-खोचा दुसराही एक नियम आहे. बसलेलीने खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठली तर फाऊल. या नियमावर माझं जरा जास्तच प्रेम होतं.

मंगल माझ्या संघातली सगळ्यात लहान. शेजारच्या चाळीत राहायची. वडील नव्हते, आई गिरणीत वाइंडिंगला जायची. काटकुळी पोर, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली. पण डोळे! पळणारी मुलगी कुठे वळणार ते मंगलला तिच्या पायांवरून कळायचं, आणि कळलं की तिच्याने बसवत नसे. खो यायच्या अर्धा श्वास आधी ती उठलेली असायची.

"मंगल, फाऊल!"

"पण ताई, ती इकडेच येत होती."

"येऊ दे. खो आला नव्हता."

"आल्यावर उशीर होतो गं. मला आधी दिसतं."

"मग होऊ दे उशीर," मी म्हणाले. "आठजणी बसल्यात त्या काय खुळ्या आहेत? मी सांगेन तेव्हा उठायचं."

समज देऊन झाली. दोन दिवसांनी ती पुन्हा उठली. मग मी तिला तीन संध्याकाळी शेवटच्या चौकोनात बसवून ठेवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, हिला कुणी खो द्यायचा नाही. पहिल्या संध्याकाळी ती रडली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने वर पाहिलंच नाही, पायाशी मातीत बोटाने रेघा ओढत बसली. चौथ्या दिवसापासून मंगल खो मिळाल्याशिवाय उठली नाही. कधीच नाही. उलट कधीकधी खो मिळाल्यावरही क्षणभर बसून राहायची, आपल्यालाच मिळाला ना याची खात्री करावी तशी. मी ते पाहिलं होतं. मंडळाचे लोक म्हणाले, "सुमाताईने पोरींना काय शिस्त लावलीय, वा!" आणि मी फुगले. आई खिडकीतून तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "त्या पोराक काय केलंस गो? दगडासारख्या बसता." मी म्हणाले, "तुला खेळातलं काय कळतं?"

दादरला चाळी-चाळींचे सामने ठरले आणि त्याच सुमारास हवा बदलली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, प्रभातफेऱ्या तर आधीपासून चालल्या होत्या; बाबा पंगतीत उभे राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि जेवणारे मधेच भात सोडून घोषणा द्यायचे. आई ओरडायची, "आधी जेवा, मग राज्य घेवा." मग शहरात गोळीबार झाल्याच्या बातम्या आल्या आणि बाबांनी मोठ्याने वाचणं बंद केलं. पंगती मुक्याने उठू लागल्या. दुकानांच्या फळ्या अर्ध्याच उघडायच्या. नाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या आणि त्यांच्या बाजूने जाताना बायका पदर घट्ट ओढून भराभर चालायच्या. आमच्याकडे जेवणारा राजापूरकडचा एक हसरा माणूस होता, पिठीवर लिंबू मागून घ्यायचा. तो एका दुपारी मोर्चाला म्हणून गेला आणि आला नाही. आई चार दिवस दोन्ही वेळेला त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. पाचव्या दिवशी तिने ते ताट धुतलं, फळीवर उपडं घातलं आणि भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी तिच्या भाकऱ्यांच्या थापा फार जोरात पडत होत्या.

रात्री बाबा मला म्हणाले, "सुमा, बाहेर असलीस आणि गडबड झाली तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या पाठी लाठी लागते. भिंतीला धरून खाली बसायचं. बसलेल्याला कोण काय करत नाही." बाबांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगितलं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी माझ्या पोरींना सांगितलं आणि वर आपलं शहाणपण जोडलं: "बघा, आपला खेळपण हेच शिकवतो. बसलेला सुरक्षित." आठजणींनी माना हलवल्या. मंगलनेही.

मग हरताळाचा दिवस उजाडला. सकाळी भोंगा झाला नाही. वर्षानुवर्षं ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या त्याची वाट पाहत मी अंथरुणात पडून राहिले. पाटाही वाजला नाही, कारण आईने त्या दिवशी मसाला वाटला नव्हता. जेवायला कोण येणार होतं? बाबा डोक्याला टोपी घालून मोर्चाला निघून गेले. दुपारी मी शिट्टी गळ्यात घातली तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली.

"आज खेळ नको."

"आई, सामन्याला आठ दिवस राहिलेत."

"कावळे बघ," ती म्हणाली. कावळे चाळीच्या कौलांवर ओळीने बसले होते आणि एकही ओरडत नव्हता. "माका बरा दिसना नाय."

मी तिला बाजूला सारून गेले. बसणाऱ्या आठही पोरी आल्या होत्या, शाळा बंद होत्या ना; पळणाऱ्यांना घरच्यांनी अडवलं होतं, म्हणून पळायला मी. तासभर चांगला सराव झाला. मग नाक्याच्या बाजूने आवाज येऊ लागला; घोषणांचा नव्हता, घोषणेला ताल असतो. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून शेजारच्या काकी ओरडल्या, "सुमा, नाक्यावर लाठी चालली म्हणतात गो! तुझे बाबा आले काय?"

बाबांना ऐकू कमी येतं. मागून कुणी ओरडलं तरी त्यांना कळणार नाही. मी शिट्टी गळ्यातून काढून खुंटाच्या खिळ्याला अडकवली, पळताना दातांवर आपटते म्हणून. पोरी उभ्या होत्या, घाबरल्या होत्या.

"बसा आपापल्या जागेवर," मी म्हणाले. "मी आत्ता येते. मी येऊन खो दिल्याशिवाय कुणीही उठायचं नाही. कोण काय सांगेल ते ऐकायचं नाही."

मंगल गल्लीच्या तोंडासमोरच्या, पहिल्या चौकोनात बसली होती. तिचं तोंड गल्लीकडे होतं. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा. "ताई, आम्ही चाळीत जाऊन बसू?"

चाळ वीस पावलांवर होती. तिथे माझी आई होती, जिना होता, बंद होणारं दार होतं. त्या पोरीला पुन्हा एकदा आधी दिसलं होतं आणि या वेळी तिने, मी शिकवलं तसं, मला विचारलं होतं.

"एकदा सांगितलेलं कळत नाही?" मी म्हणाले आणि गल्लीत शिरले.

नाक्यावर काय पाहिलं ते नीट सांगता येणार नाही, कारण पाहायला मिळालंच नाही. मी पोचले तेव्हा रस्त्यावर चपलांचा खच होता आणि धूर होता. डोळ्यांत कुणी मिरचीची पूड फेकावी तसं झालं. श्वास घेतला की छातीत आग. बाबा, बाबा म्हणून हाक मारायला गेले तर घशातून नुसती शीळ निघाली. आणि मग लोक वळले. शेकडो माणसं डोळे मिटून, तोंडावर टोपी नाहीतर धोतराचा सोगा धरून आमच्या गल्लीत घुसली, कारण तीच एक वाट मोकळी दिसत होती. मला त्यांनी भिंतीला दाबलं आणि मग सोबत ओढत नेलं. गल्लीतून जाताना मला एकच गोष्ट सुचत होती, की ही गल्ली कुठे उघडते ते मला माहीत आहे आणि यांना नाही.

गल्लीच्या तोंडाशी एका पायरीवर मी कशीबशी चढले. डोक्यांवरून मला माझा संघ दिसला. आठजणी ओळीत, उकिडव्या, हात जमिनीला टेकलेले. सुरेख बसल्या होत्या. सामन्यात पंचांनी बोट दाखवून इतरांना सांगावं अशा. वरच्या तिन्ही गॅलऱ्यांतून बायका जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "उठा गो पोरींनो! आत या!" आणि एकही उठत नव्हती. कोण काय सांगेल ते ऐकायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. मी तोंड उघडलं. एक अक्षर हवं होतं. ते फुटेना. मी हात हलवला तर पुढच्या माणसाच्या पाठीला लागला. शिट्टी समोर खुंटावर लोंबत होती.

तेवढ्यात चाळीच्या दारातून आई धावत आली. हातात उलथनं तसंच होतं. तिने ओरडून पाहिलं, मग ओरडणं सोडून दिलं आणि एकेकीला दंडाला धरून उपटायला सुरुवात केली. हो, उपटायलाच, पोरी जागा सोडत नव्हत्या. दोघींना काखेत घेऊन तिने दारात फेकलं, परत आली, आणखी दोघींना नेलं. तिसऱ्या खेपेला तिघींना पुढे घालून हाकललं. सात झाल्या. आठवी टोकाला होती, गल्लीच्या तोंडाशी. आई वळली तोवर माणसं तिथे पोचली होती. त्यांचा दोष नाही. त्यांना काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मंगलला. येणाऱ्या पायांकडे ती बघत होती. तिचे खांदे एकदा उचलले गेले, टाच उठली, मला स्पष्ट दिसलं. आणि मग तिने ती टाच परत खाली टेकवली.

बाबा संध्याकाळी मागच्या वाटेने सुखरूप घरी आले. ते नाक्यावर गेलेच नव्हते.

मंगलच्या डाव्या पायाचा घोटा आणि टाच चिरडली होती. जीव वाचला. इस्पितळात पाचव्या दिवशी मला तिच्याजवळ सोडलं. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा पिवळा, रिबिनी दोन्ही नीट बांधलेल्या. मी काय बोलावं ते घोकून गेले होते, पण तीच आधी बोलली. "ताई, मला दिसलं होतं. सगळ्यात आधी मलाच दिसलं."

"मग उठली का नाहीस गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. ताईला एवढं साधं कसं कळत नाही, असं. म्हणाली, "तू खो दिला नव्हतास."

तिची आई त्याच संध्याकाळी आमच्या दाराशी आली. मला वाटलं, आता ही केस धरून मला रस्त्यावर आणणार, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. ती उंबऱ्यापाशी बसली. आईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती म्हणाली, "मी दिवसभर गिरणीत. पोरगी कुणाचं ऐकत नव्हती. तुझं ऐकायला लागली म्हणून निर्धास्त होते." तिने पाणी पिऊन तांब्या उपडा ठेवला आणि गेली. आई त्या रात्री मला एक शब्दही लावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे राज्य झालं, चाळीत दिवे लागले, पेढे वाटले. मला बँकेत नोकरी लागली आणि कर्ज मागायला येणाऱ्या नवख्या लोकांचे कारखाने, कारखान्याच्या नावाखालची घरं आणि घराच्या नावाखालचे कारखाने बघत मी हिंडले. वरचे लोक मला यंत्रं मोजून यायला सांगायचे. मी आधी माणसं पाहायचे. लालबागला एका बाईंचं मसाल्याचं युनिट होतं, उत्तम माल, मोठी मागणी. एक दिवस भाजणीच्या यंत्राचा पट्टा जळाला, त्यात अर्धी खोली गेली. मी चौकशीला गेले तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "करपल्याचा वास आम्हाला सगळ्यांना आला होता मॅडम. पण बटण बंद करायला बाईंना विचारायला लागतं, आणि बाई बाजारात गेल्या होत्या." चारजणी त्या वासात उभ्या होत्या. मी बाहेर येऊन गटारावर ओकले. बाईंना वाटलं, धुरामुळे.

डबेवाल्या पोराला मी यातलं काही सांगितलं नाही. साडीवरचा चहा पुसला आणि एवढंच विचारलं, "तुमच्या माणसांत कुणी असा आहे का हो, जो तुमच्या आधी उठतो?"

तो हसला. "होता एक मॅडम. सारखा मधे मधे करायचा. आता सुधारलाय."

मी त्याला म्हणाले, आज परत जाऊन पहिल्यांदा त्या माणसाची माफी माग. त्याला वाटलं, मी थट्टा करते. दुसरा चहा न घेताच गेला. तो परत येईल असं मला वाटत नाही, आणि तो सुधारलेला माणूसही आता उठेल असं वाटत नाही. हे मी नुसत्या अंदाजाने म्हणत नाही.

प्लास्टर काढल्यावर काही महिन्यांनी मंगल पुन्हा मैदानावर आली. लंगडत, भिंतीला धरून. मी संघ सोडून दिला होता. मंडळाच्या लोकांनी आणि आईनेही मला ओढून परत उभं केलं होतं. मी खूप विचार करून ठेवला होता. तिला पळता येणार नव्हतं, पण तिच्याइतकं आधी कुणालाच दिसत नव्हतं. मी खुंटाच्या खिळ्यावरची शिट्टी काढली आणि तिच्या गळ्यात घातली. म्हणाले, "आजपासून पंच तू. तुला काही चुकीचं दिसलं, कुणाला लागेलसं वाटलं, की वाजव. मला विचारायचं नाही. कुणालाच विचारायचं नाही."

"न विचारता?" तिने विचारलं.

"न विचारता."

तिने मान हलवली आणि खुंटाजवळ उभी राहिली. खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात एक पोर खो मिळायच्या आधी उठली. मला ते ती उठल्यावर दिसलं, पण मंगलची मान त्याच्याही आधी तिकडे वळली होती. शिट्टी तिने तोंडात धरली. गाल फुगवले. आणि मग तिने सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवीपर्यंत तशीच उभी राहिली.